केनवूड टीएस-५२०एस लॅपटॉपला जोडून एफटी८ चालवायचे आहे, पण संचाला भोक पाडायचे नाही

प्रश्न: इंदिरानगरकर

सर्व ज्येष्ठ आणि समवयस्क हॅम (हौशी रेडिओ) मित्रांना नमस्कार.

माझ्या मामांचा केनवूड टीएस-५२०एस हा संच त्यांच्या पश्चात माझ्याकडे आला असून तो मी नाशिकला इंदिरानगरच्या घरी मांडला आहे. माझ्याकडे जनरल श्रेणीचा परवाना आहे आणि गच्चीवर २० व ४० मीटरसाठी उलट्या व्ही आकाराचे डायपोल बांधलेले आहेत. संचाचे ग्रहण उत्तम आहे, आणि सकाळच्या वेळी ४० मीटरवर पुण्या-कोल्हापूरकडच्या मंडळींशी स्वच्छ बोलणेही होते. परंतु आमच्या इमारतीत आणि आजूबाजूला विजेच्या उपकरणांचा गोंगाट इतका वाढला आहे की संध्याकाळी दूरची आवाजी स्टेशने त्यात बुडून जातात. म्हणून याच संचावर एफटी८, म्हणजे संगणकाने छोटे संदेश सुरांच्या रूपात पाठवण्याची डिजिटल पद्धत, सुरू करावी, अशी माझी इच्छा आहे.

अडचण अशी की हा संच १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातला असल्यामुळे त्याला संगणकासाठी म्हणून एकही जोडणी नाही. फ्रिक्वेन्सी संगणकाला कळवण्याची सोय नाही आणि डिजिटल आवाजासाठी वेगळे सॉकेटही नाही. माझ्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक यांचे मिळून एकच भोक आहे. हेडफोनच्या जॅकमधून एक साधी वायर लॅपटॉपमध्ये घालून पाहिली, तेव्हा काही संदेश उलगडले. पण सॉफ्टवेअरमधल्या धबधब्याच्या (फ्रिक्वेन्सीनुसार संकेत दाखवणाऱ्या) चित्रात डाव्या कडेला घरगुती विजेच्या गुणगुणीच्या जाड उभ्या रेघा दिसतात, आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की त्या बऱ्याच फिकट होतात.

ओळखीच्या एका दुरुस्तीकाराने मागच्या पत्र्याला भोक पाडून नवे सॉकेट बसवण्याचा आणि आतल्या वायरी तिकडे वळवण्याचा सल्ला दिला. ते मला करायचे नाही. मामांनी हा संच इतकी वर्षे मूळ स्थितीत सांभाळला आहे आणि तो तसाच राहावा, असे मनापासून वाटते.

तेव्हा संचाच्या आत हात न घालता आवाज आणि पीटीटी (संचाला प्रसारणात नेणारी कळ) कशी जोडावी, ती गुणगुण कशी घालवावी, अखंड वाहक लहरीमुळे शेवटच्या टप्प्यातील व्हॉल्व्ह जळणार नाहीत यासाठी किती शक्ती ठेवावी, आणि या संचाची फ्रिक्वेन्सी एफटी८ला पुरेशी स्थिर राहील का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: सातपूर वर्कशॉप

इंदिरानगरकर, संच कापायचा नाही हा आपला आग्रह योग्य आहे, आणि सुदैवाने त्याची गरजही पडत नाही. ५२०एसच्या मागच्या बाजूला फोन पॅचसाठी दोन आरसीए जॅक आहेत. एकातून आवाज संचात जातो आणि दुसऱ्यातून बाहेर येतो. टेलिफोनवरचे बोलणे रेडिओवर सोडता यावे म्हणून त्या काळी ही सोय देत असत, आणि आज संगणकाच्या साउंड कार्डाला नेमके हेच दोन बिंदू हवे असतात. राहिली पीटीटी, ती पुढच्या माइकच्या चार पिनांच्या सॉकेटातून मिळते. म्हणजे दोन आरसीए पिना आणि माइकचा एक जोडीदार प्लग, एवढ्यावर सगळे काम होते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी, की फोन पॅच वापरताना खरा माइक काढलेला असावा, नाहीतर खोलीतला पंखा आणि घरातले बोलणे एफटी८च्या सुरांबरोबर हवेत जाईल.

आता गुणगुणीविषयी. आपण स्वतःच निदान केले आहे: चार्जर काढल्यावर रेघा फिकट होतात, याचा अर्थ त्या रेडिओतून येत नसून दोन यंत्रांच्या जमिनी (ग्राउंड) एकमेकींना वायरीच्या जाळीतून जोडल्या गेल्यामुळे येत आहेत. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये मुख्य विजेच्या बाजूकडून दुय्यम बाजूकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून थोडा विद्युतप्रवाह सतत झिरपत असतो. चार्जर दोन पिनांचा असेल किंवा घरातले अर्थिंग नावापुरते असेल, तर त्या प्रवाहाला परतीचा मार्ग आपण जोडलेल्या ऑडिओ वायरीतूनच मिळतो. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर कधी कधी बारीक मुंग्या येतात, तो हाच प्रवाह.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे आवाजाच्या दोन्ही वाटांवर ६०० ओमचे, एकास एक प्रमाणाचे छोटे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवणे. नवे घ्यायचे तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. परंतु भंगारवाल्याकडे जुन्या डायल-अप मोडेमची कार्डे पडलेली असतील, तर त्यांवरचा टेलिफोन लाइनचा ट्रान्सफॉर्मर याच कामाचा असतो आणि डाग सोडवून सहज निघतो. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूची जमीन फक्त संगणकाची आणि दुसऱ्या बाजूची जमीन फक्त संचाची, हे कसोशीने पाळावे. अनेक जण आवाज नीट वेगळा करतात आणि मग पीटीटीच्या वायरीतून दोन्ही जमिनी पुन्हा जोडून टाकतात, त्यामुळे सगळी मेहनत वाया जाते. धातूच्या डबीत जुळणी करणार असाल, तर डबी संचाच्या जमिनीला जोडा आणि संगणकाकडची सॉकेटे डबीपासून प्लॅस्टिकच्या वॉशरने वेगळी ठेवा.

लॅपटॉपचे एकत्रित भोक या कामासाठी वापरू नका. दोन-तीनशे रुपयांत मिळणारे छोटे यूएसबी साउंड कार्ड घ्या. त्याचा फायदा असा की रेडिओसाठी एक वेगळे कार्ड राखून ठेवता येते आणि संगणकाच्या सूचनांचे टिंगटिंग आवाज लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवरच राहतात. अशा कार्डाच्या माइकच्या तोंडावर इलेक्ट्रेट माइकसाठी थोडा डीसी दाब दिलेला असतो. तो ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून वाहू लागला की छोटासा गाभा संपृक्त होतो आणि आवाज बिघडतो, म्हणून त्या बाजूला १ ते १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर एकसरीत घालावा. शिवाय माइकचे तोंड नाजूक असते, तर संचाकडून येणारा आवाज त्या मानाने मोठा. त्यासाठी १० किलोओम आणि १ किलोओम अशी दोन रेझिस्टरची विभागणी पुरते. एफटी८च्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या सॉफ्टवेअरमध्ये डाव्या खालच्या कोपऱ्यात पातळी दाखवणारा पट्टा असतो. बँडवर नुसता गोंगाट असताना तो साधारण ३० डेसिबलवर उभा राहील, अशी योजना करावी.

संगणकाकडून संचाकडे जाणाऱ्या वाटेवर उलट काळजी घ्यावी लागते. साउंड कार्डातून जवळपास एक व्होल्टपर्यंत संकेत बाहेर पडू शकतो, आणि या संचाचा माइक अ‍ॅम्प्लिफायर मिलिव्होल्टच्या संकेतांसाठी रचलेला आहे. मध्ये १० किलोओमचा एक प्रीसेट (बदलता रेझिस्टर) ठेवा आणि तो अगदी खालून सुरू करून वर आणा. मीटर एएलसीवर (संकेत फार मोठा झाल्यास तो आवरणाऱ्या मंडलावर) ठेवला असता काटा जेमतेम हलू लागतो, तिथून थोडे मागे थांबावे. एएलसी जोरात हलू लागली की एफटी८चा एकच सूर राहत नाही. त्याच्या आजूबाजूला पिल्ले दिसू लागतात आणि तीच पट्टी ऐकणाऱ्या इतरांना त्याचा त्रास होतो. संगणकातला आवाजाचा पट्टा शंभर टक्क्यांवर आणि प्रीसेट शून्याजवळ, असेही करू नये. दोन्ही मध्यावर असावेत, म्हणजे दोहोंकडून बारीक फेरफार करता येतात.

पीटीटीसाठी एक यूएसबी-सिरिअल मॉड्यूल घ्या, मात्र ज्यावर आरटीएस किंवा डीटीआर ही नियंत्रण पिन बाहेर काढलेली आहे असेच निवडा. त्याच्यापुढे बाजारात मिळणारे ५ व्होल्टचे तयार रिले मॉड्यूल लावा आणि रिलेचे संपर्क माइकच्या प्लगमधील पीटीटी व जमीन यांमध्ये जोडा. या छोट्या मॉड्यूलांवर आरटीएसची पिन एरवी वर असते आणि संगणकाने प्रसारण मागितले की खाली येते. म्हणून रिले मॉड्यूल ‘लो लेव्हल ट्रिगर’ प्रकारचे हवे, अन्यथा संगणक गप्प असताना संच प्रसारण करत बसेल. सिरिअल मॉड्यूलवर ३.३ आणि ५ व्होल्टची निवड असेल तर ५ व्होल्ट ठेवा. संगणक सुरू होताना या पिना क्षणभर वरखाली होतात, त्यामुळे आधी संगणक पूर्ण सुरू होऊ द्या आणि मगच संच चालू करा.

नुसता ऑप्टोकपलर (प्रकाशाने जोडणारी चिप) वापरू नये, असे माझे मत आहे. जुन्या संचांत पीटीटीची वायर थेट रिलेच्या गुंडाळीकडे जाते आणि गुंडाळी सोडताना बसणारा झटका छोट्या ऑप्टोकपलरला सहन होईलच असे नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागचा सीडब्ल्यू (मोर्स) कीचा जॅक हा पीटीटी समजून त्यात काहीही लावू नये. व्हॉल्व्हच्या संचांत तिथे ग्रिडला रोखून धरणारा ऋण दाब असतो आणि तो संगणकाच्या सवयीच्या पाच व्होल्टपेक्षा कितीतरी मोठा असतो. कुठलीही पिन जोडण्यापूर्वी तिच्यावर मल्टिमीटर लावून पाहणे, हा नियम ठेवावा.

उत्तर: देवळाली कॅम्प

वरची माहिती उत्तम आहे. तरी एक साधी वाट सुचवतो. रिले, सिरिअल मॉड्यूल हे काहीच न करता संचाच्या व्हॉक्सवर काम भागते. संगणकातून सूर आला की संच आपोआप प्रसारणात जातो आणि सूर थांबला की ग्रहणात येतो. सुरुवात करणाऱ्याने एवढ्यावर भागवावे, आणि रस टिकला तर पुढची जुळणी करावी.

उत्तर: सातपूर वर्कशॉप

देवळालीकर, नव्या संचांच्या बाबतीत मीही हेच म्हटले असते. ५२०एसमध्ये मात्र व्हॉक्सची संवेदनशीलता, अँटिव्हॉक्स (स्पीकरच्या आवाजाने व्हॉक्स लागू न देणारी सोय) आणि विलंब हे तिन्ही जुळवावे लागतात, आणि विलंब थोडा लांब राहिला तर एफटी८च्या पुढच्या १५ सेकंदांच्या खिडकीच्या (वेळेच्या तुकड्याच्या) सुरुवातीचे संदेश हातचे जातात. शिवाय व्हॉक्स पक्का लागावा म्हणून लोक आवाज वाढवत नेतात, आणि आवाज एएलसीच्या पलीकडे जातो. पातळी आणि पीटीटी या दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात, असे मला वाटते.

उत्तर: व्हॉल्व्हच्या काळातला, नाशिक रोड

इंदिरानगरकर, आपण मामांच्या संचाविषयी ज्या आस्थेने लिहिले आहे ते वाचून बरे वाटले. मी जोडणीविषयी काही लिहीत नाही, सातपूरकरांनी ते नीट सांगितले आहे. मला बोलायचे आहे ते वीज आणि व्हॉल्व्ह यांबद्दल.

प्रथम घरातला विजेचा दाब मोजा, आणि तो रात्री अकराच्या पुढे मोजा. आमच्या भागात भार उतरला की तो २४० च्या वर जातो. संचाचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टच्या जोडणीवर असेल आणि भिंतीतून २४५ येत असतील, तर आतला प्रत्येक दाब ११ टक्क्यांनी जास्त होतो. ज्या हीटरला ६.३ व्होल्ट मिळायला हवेत त्याला ७ मिळतात. या जातीच्या व्हॉल्व्हचा हीटर साधारण १० टक्क्यांपर्यंतचा फरक सोसतो, त्याच्या पलीकडे कॅथोडचे आयुष्य झपाट्याने घटते. संच एखादा तास आवाजी वापरासाठी लागत असेल तर हे खपून जाते. एफटी८वर मात्र माणूस संच संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत सुरू ठेवतो, तेव्हा हा फरक महागात पडतो. डिमरस्टॅट (दाब कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर त्यावर २२० लावून संच चालवा. हाच डिमरस्टॅट आणखी एका कामाला येतो: संच महिनोन्‌महिने बंद राहिला असेल तर एकदम पूर्ण दाब न देता हळूहळू चढवत न्यावा, म्हणजे जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांना सावरायला वेळ मिळतो. पावसाळ्यानंतर तर हे अवश्य करावे.

आता उष्णतेचा हिशोब, कारण इथे बहुतेकांची समजूत अपुरी असते. या संचात शेवटी दोन एस२००१ए व्हॉल्व्ह आहेत, जे ६१४६बीच्याच कुळातले आहेत, आणि त्यांच्या प्लेटवर सुमारे ८०० व्होल्ट असतात. ढोबळ मानाने धरा की १०० वॅट बाहेर काढताना प्लेटचा प्रवाह २२० मिलिअँपिअर आहे. म्हणजे आत १७६ वॅट गेले, १०० अँटेनाकडे गेले आणि ७६ वॅट प्लेटवर उष्णता होऊन राहिले. आता आवाज कमी करून २५ वॅटवर आलात. शक्ती चौथाई झाली की प्रवाह साधारण निम्मा होतो, ११० मिलिअँपिअर. म्हणजे आत ८८ वॅट, बाहेर २५, आणि प्लेटवर ६३ वॅट. बाहेरची शक्ती चौथ्या हिश्श्यावर आली, पण उष्णता ७६ वरून फक्त ६३ वर आली. म्हणून “शक्ती कमी केली, आता काळजी नाही” असे मानू नका. व्हॉल्व्हला खरा विसावा मिळतो तो एफटी८च्या रचनेमुळे: १२.६४ सेकंद प्रसारण आणि पुढची पूर्ण १५ सेकंदांची खिडकी ग्रहण. त्यामुळे एक आड एक खिडकी हा क्रम कधीही मोडू नका, आणि कोणी उत्तर देत नसेल तर तासन्‌तास हाक मारत बसू नका. मागचा पंखा फिरतो आहे आणि त्याच्या मागे भिंतीपर्यंत मोकळी जागा आहे, हे रोज पाहा.

माझा सल्ला असा की ३० वॅटच्या आसपास राहावे आणि प्लेट व लोडची जुळवणी त्या पातळीशी विसंगत ठेवू नये. जुळवणी ५० ओमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) करा, वाहक लहर एका वेळी काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, आणि मध्ये व्हॉल्व्हना थंड होऊ द्या. स्थिर प्रवाह (सूर नसतानाचा प्लेटचा प्रवाह) मॅन्युअलप्रमाणे ६० मिलिअँपिअर आहे का ते प्रत्येक वेळी पाहा. तो आपोआप वर सरकताना दिसला तर ताबडतोब प्रसारण थांबवा. अशा वेळी ड्रायव्हरकडून ग्रिडकडे येणारा जुना कपॅसिटर गळू लागला असण्याचा दाट संभव असतो. झाकण उघडण्याची वेळ आलीच, तर ते काम जाणकाराच्या सोबतीनेच करा. ८०० व्होल्टचा कपॅसिटर विजेची पिन काढल्यानंतरही जीव घेऊ शकतो.

आणखी एक सूचना. पुढच्या बाजूला हीटरचा स्वतंत्र स्विच आहे. तो बंद ठेवला तर शेवटचे व्हॉल्व्ह थंड राहतात आणि ग्रहण पूर्ण चालते. आरंभीचे काही आठवडे असेच नुसते ऐका, संदेश उलगडा, मांडणी पक्की करा. व्हॉल्व्हचा एक तासही खर्च होणार नाही.

उत्तर: मखमलाबादहून

नाशिक रोडच्या काकांच्या हिशोबासाठी मनःपूर्वक आभार. कार्यक्षमतेची ही बाजू इतक्या स्पष्टपणे कोणी मांडलेली मी वाचली नव्हती.

फ्रिक्वेन्सीबद्दल लिहितो. एफटी८ ही पद्धत स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर यांनी २०१७ मध्ये आणली; टेलर म्हणजे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ. अत्यंत क्षीण संकेत गोंगाटातून वेचणे हा त्यांच्या कामाचाच विषय, आणि आपल्या इमारतीतल्या गोंगाटावर या पद्धतीचा उपयोग होतो तो त्यामुळेच. २५०० हर्ट्झच्या पट्टीत मोजलेल्या गोंगाटापेक्षा सुमारे २० डेसिबल खाली असलेला संकेतही ती उलगडते. तिच्यात आठ सूर असतात आणि दोन शेजारच्या सुरांत ६.२५ हर्ट्झचे अंतर असते. समजा आपला व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर) तापल्यानंतर अर्ध्या तासात १०० हर्ट्झ सरकतो. मग एका प्रसारणाच्या १२.६४ सेकंदांत तो जेमतेम ०.७ हर्ट्झ सरकेल, आणि ६.२५ च्या तुलनेत ते काहीच नाही. म्हणून संच सुरू करून तासभर तापू दिलात की एफटी८ निर्धास्तपणे चालेल. डब्ल्यूएसपीआर या दुसऱ्या क्षीण-संकेत पद्धतीची गोष्ट वेगळी. तिथे एक प्रसारण ११० सेकंदांहून लांब असते आणि सुरांतले अंतर दीड हर्ट्झहूनही कमी, म्हणजे तेवढ्याच सरकण्याने सहा हर्ट्झचा फरक पडेल. त्या वाटेला या संचाने जाऊ नये.

तबकडीवरून १४.०७४ मेगाहर्ट्झ नेमके कसे लावावे, हा पुढचा प्रश्न येईलच. संचात २५ किलोहर्ट्झचा कॅलिब्रेटर (दर २५ किलोहर्ट्झवर खुणेचा संकेत देणारा) आहे आणि १४.०७५ ही २५ किलोहर्ट्झची पूर्ण पट आहे. कॅलिब्रेटर चालू करा, संच अपर साइडबँडवर ठेवा आणि डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या धबधब्यात उमटलेली रेघ बरोबर १००० हर्ट्झवर येईपर्यंत तबकडी फिरवा. रेघ १००० वर आली की संच १४.०७४ वर आहे. हीच युक्ती ७.०७४, २१.०७४ आणि २८.०७४ साठीही जशीच्या तशी चालते, कारण त्यांच्या पुढची हजार हर्ट्झवरची फ्रिक्वेन्सीही २५ किलोहर्ट्झची पटच आहे. मला तर या जुन्या संचाचे हे वैशिष्ट्य फार आवडते. खुद्द कॅलिब्रेटरची शहानिशा करायची असेल तर १५ मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळदर्शक स्टेशनाशी त्याचा शून्य ठोका (दोहोंतला फरक शून्य होईल असा) जुळवावा. प्रसारणापूर्वी कॅलिब्रेटर न विसरता बंद करा.

४० मीटरवर एसएसबीच्या (आवाजी बोलण्याच्या) सवयीने हात लोअर साइडबँडकडे जातो. एफटी८ मात्र सर्वच पट्ट्यांवर अपर साइडबँडवर चालते. प्रसारणाचा सूर १५०० ते २२०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवा, म्हणजे साउंड कार्डाने निर्माण केलेला दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर ३००० च्या पुढे पडतो आणि संचाचा २.४ किलोहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर त्याला अडवतो. नव्या संचांत हे काम संगणक फ्रिक्वेन्सी बदलून स्वतः करतो. आपल्याला ते हाताने सांभाळावे लागते. ३०, १७ आणि १२ मीटर या पट्ट्या हौशी सेवेला १९७९ च्या जागतिक परिषदेत मिळाल्या, त्यामुळे त्या या संचात नाहीत. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेले असावे. एका सेकंदाहून अधिक चूक झाली की उलगडणे डळमळते. सॉफ्टवेअरमध्ये रेडिओच्या रकान्यात ‘नन’ निवडा आणि पीटीटीसाठी आरटीएस व आपला पोर्ट निवडा. विंडोजमधील माइकच्या सर्व ‘सुधारणा’ बंद करा.

नाशिककरांसाठी एक खास सूचना. २० अंश उत्तर अक्षवृत्त आपल्या शहरातूनच जाते आणि मेडनहेड लोकेटरचा (जगाचे चौकोन पाडून जागा सांगणाऱ्या सांकेतिक पद्धतीचा) चौकोन नेमका तिथे बदलतो. इंदिरानगर, नाशिक रोड आणि देवळाली या भागांचा लोकेटर एमके६९ आहे, तर पंचवटी, म्हसरूळ आणि मखमलाबाद यांचा एमएल६०. एफटी८च्या हाकेत हाच लोकेटर जातो आणि लोक चौकोन गोळा करत असतात. म्हणून शहराच्या नावावरून कोणा दुसऱ्या नाशिककराचा लोकेटर उचलू नका; आपला एमके६९च लिहा.

प्रश्नकर्ता: इंदिरानगरकर

आपणा सर्वांचे आभार. मोडेमच्या कार्डातले दोन ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर उभ्या रेघा पूर्ण गेल्या, चार्जर लावलेला असतानाही. हीटर बंद ठेवून ग्रहण सुरू आहे. संध्याकाळी २० मीटरवर युरोपातील आणि जपानमधील स्टेशने एकाच खिडकीत उलगडतात. कॅलिब्रेटरची रेघ १००० वर आणण्याची युक्ती पहिल्याच वेळी लागू पडली. घरातला दाब रात्री २४३ आढळला, म्हणून डिमरस्टॅट मिळेपर्यंत थोडक्या चाचण्यांपलीकडे प्रसारण करणार नाही.

तेवढ्यापुरता हीटर लावून डमी लोडवर पीटीटीची थोडक्यात चाचणी घेतली, तीही ठीक झाली. मात्र ४० मीटरच्या डायपोलवर काही सेकंदांची वाहक लहर दिली, तेव्हा यूएसबी साउंड कार्ड संगणकावरून नाहीसे झाले आणि काढून पुन्हा लावावे लागले. २० मीटरवर असे होत नाही. याचे कारण काय असावे?

उत्तर: सातपूर वर्कशॉप

डमी लोडवर ठीक आणि अँटेनावर बिघाड, याचा अर्थ रेडिओ लहर कोअ‍ॅक्सच्या (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या) बाहेरच्या कवचावरून खोलीत परत येत आहे आणि यूएसबीच्या वायरीत शिरत आहे. डायपोलला मध्यावर बॅलन किंवा चोक (कवचावरची लहर अडवणारा घटक) नसेल, तर कोअ‍ॅक्सचे कवच अँटेनाचाच तिसरा हात बनते. ४० मीटरवर त्याची लांबी जुळून येत असावी आणि २० मीटरवर तशी येत नसावी.

सुरुवात अँटेनाच्या टोकापासून करा, टेबलापासून नाही. फीडच्या जागी मोठ्या फेराइट रिंगवर कोअ‍ॅक्सचे वेढे घालून चोक बसवा. एचएफच्या खालच्या पट्ट्यांसाठी ३१ क्रमांकाचे मिश्रण चांगले, ते न मिळाल्यास ४३ चालेल. त्यानंतर कोअ‍ॅक्स गच्चीवरून घरात शिरते तिथे दुसरा चोक लावा. यूएसबीची वायर शक्य तेवढी आखूड घ्या आणि तिचेही काही वेढे छोट्या रिंगवर घाला. आपल्या जोडणीच्या डबीत संचाकडच्या पीटीटी आणि आवाजाच्या वायरींवर जमिनीकडे १ नॅनोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर लावून पाहा. आवाजाला त्यांचा अडथळा होत नाही आणि आत शिरलेली लहर तिथेच जमिनीकडे जाते. संचाच्या मागच्या जमिनीच्या बोल्टाला जाड वायर लावून ती अर्थिंगकडे नेली आहे ना, तेही पाहून घ्या. एवढे केल्यावर ४० मीटरवर ५-१० वॅटपासून सुरू करून शक्ती टप्प्याटप्प्याने ३० वॅटपर्यंत वाढवा, आणि प्रत्येक टप्प्यावर साउंड कार्ड जागेवर आहे की नाही हे पाहूनच पुढे जा.